वेदनेत घेतलेला निर्णय कोणाचा?

गेल्या अंकात शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्राविषयी लिहिताना मी असे म्हटले होते की, रुग्णाची सही ही त्या घटकेच्या त्याच्या अवस्थेपासून वेगळी काढता येत नाही. त्यावर बरीच पत्रे आली. भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना ज्या प्रश्नांनी मला सतत विचार करायला लावले, तेच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून आलेले पाहून यंदाचे सदर मी पूर्णपणे या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी गेले होते. प्रसूती नैसर्गिकच व्हावी असे आम्ही उभयतांनी आधीपासून ठरवले होते. रात्रभर कळा सोसल्यावर पहाटे मात्र मीच ओरडून डॉक्टरांना “आता सिझर करा” असे सांगितले. बाळ सुखरूप आहे. परंतु “आमच्या वेळी सगळ्या सोसत होत्या” असे सासूबाई म्हणतात, आणि आपण कच खाल्ली असे मलाही वाटत राहते. आधी ठरवणारी मी खरी, की पहाटे ओरडणारी? — एक वाचिका, कराड

उत्तर : दोन्ही वेळी तुम्हीच होता. मात्र दोन्ही वेळी तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या. घरी बसून ठरवताना शस्त्रक्रियेचे तोटे, टाक्यांचे दुखणे, पुढच्या बाळंतपणावर होणारा परिणाम हे सारे तुमच्यासमोर होते. ठाऊक नव्हती ती फक्त कळ. पहाटे नेमके उलट झाले. कळ पुरती कळली आणि बाकीचे सारे नजरेआड गेले. जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये भूक, तहान, वेदना आणि व्यसनाची ओढ यांचा एकत्र विचार करून असे मांडले की, या अवस्था तीव्र झाल्या म्हणजे माणसाचे लक्ष आत्ताच्या क्षणावर, स्वतःच्या देहावर आणि सुटकेच्या सर्वांत जवळच्या मार्गावर एकवटते. त्या क्षणी उद्याचा विचार करणारे मन नाहीसे झालेले नसते. त्याचा आवाज ऐकू येईनासा होतो, एवढेच.

तुमच्यासारखाच अनुभव अभ्यासात नोंदला गेला आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अठरा गर्भवतींना, प्रसूतीच्या वेळी वेदनाशामक भूल घ्यावी की टाळावी, हा एकच प्रश्न वेगवेगळ्या टप्प्यांवर विचारण्यात आला. महिनाभर आधी आणि कळांच्या सुरुवातीला त्यांचा कल भूल टाळण्याकडे होता. कळा जोर धरू लागताच तो भूल घेण्याकडे झुकला. प्रसूतीनंतर एक महिन्याने त्याच स्त्रियांना पुन्हा विचारले, तेव्हा तो परत टाळण्याकडे गेला होता. संख्या लहान असली, तरी प्रसूतिगृहात काम करणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. आज तुम्ही स्वतःला जो दोष देत आहात, तो या शेवटच्या टप्प्यावरून देत आहात. कळ पुन्हा एकदा तुमच्या नजरेआड गेली आहे.

सासूबाईंच्या बोलण्याकडेही याच दृष्टीने पाहावे, असे मी सुचवीन. ज्याने वेदना भोगली आहे, त्याला दुसऱ्याची वेदना अधिक कळते असे आपण गृहीत धरतो, परंतु ते फारसे खरे नाही. लोरन नॉर्डग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काही लोकांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगून, कैद्यांना थंडीत ठेवणे हा छळ आहे का, असे विचारले. हात पाण्यात असताना लोकांनी त्याला अधिक ठामपणे छळ म्हटले. पण ज्यांचा हात दहा मिनिटांपूर्वीच बाहेर काढला होता, त्यांचे उत्तर कधीही हात न बुडवलेल्यांसारखेच आले. दहा मिनिटांत इतके पुसले जात असेल, तर तीस-पस्तीस वर्षांनी किती उरावे? सासूबाई खोटे बोलत नाहीत. त्यांना सोसल्याचे आठवते, परंतु सोसताना काय वाटत होते ते आता त्यांच्या हाताशी नाही.

त्या पहाटेविषयी मला काही आक्षेप असेल, तर तो तुमच्यासमोर ‘सोसा’ किंवा ‘सिझर’ असे दोनच पर्याय राहिले, याला आहे. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवून दिले जाणारे एपिड्यूरल हा तिसरा पर्याय तुम्हाला कोणी सांगितला होता का? त्यामुळे सिझरची शक्यता वाढते असा समज आपल्याकडे घट्ट आहे, परंतु मोठ्या आढाव्यांत तसे आढळलेले नाही. याहून साधी गोष्ट म्हणजे सोबत. पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या २६ चाचण्यांच्या आढाव्यात असे दिसले आहे की, प्रसूतीच्या काळात जवळ सतत एखादी आधार देणारी व्यक्ती असेल, तर सिझरचे प्रमाण कमी होते आणि अनुभवाविषयीचे समाधानही वाढते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिकक्षात सोबतीण असावी अशी अपेक्षा आहे. तरीही अनेक ठिकाणी आईला दाराबाहेर बसवले जाते, आणि आत कळा देणाऱ्या मुलीला गर्भाशयाचे तोंड किती उघडले, अजून किती वेळ लागेल, हे सांगायला कोणी नसते. शेवट दिसत नसलेली वेदना ही शेवट दिसणाऱ्या वेदनेपेक्षा फार लवकर असह्य होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. सरकारी खाटेवरची कळ आणि खासगी खाटेवरची कळ यांत एवढे अंतर असू शकत नाही. तेव्हा सिझरचा सारा भार बायकांच्या सहनशक्तीवर टाकणे हे मुळातच अन्यायाचे आहे.

पुढच्या वेळी तुमची इच्छा कागदावर लिहून डॉक्टरांशी आधी बोला आणि त्यात पायऱ्या ठेवा : कळा असह्य झाल्या, तर आधी वेदना कमी करणारा उपाय द्यावा, बाळाचे ठोके व्यवस्थित असतील तर थोडा वेळ जाऊ द्यावा, आणि मग मला पुन्हा विचारावे. पहिले सिझर झाले म्हणून दुसरेही सिझरच होते, असे प्रत्येकीच्या बाबतीत नसते. त्याचा निर्णय टाक्याची स्थिती आणि रुग्णालयातील सोयी पाहून घेता येतो.

प्रश्न : आमचे वडील ८१ वर्षांचे आहेत. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, आणि आता ते पुण्याच्या घरी चोवीस तासांच्या केअरटेकरच्या देखरेखीखाली आहेत. आम्ही दोघे भाऊ अमेरिकेत असतो. औषधे, आहार, व्यायाम, घरात कॅमेरे अशी सारी व्यवस्था आम्ही चोख लावून दिली आहे. परंतु आयुष्यभर समजूतदार असलेले वडील आता चहाच्या कपावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडतात आणि व्यायामाला सरळ नकार देतात. हा वयाचा हट्ट समजावा का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या पत्रातली प्रत्येक व्यवस्था चांगली आहे आणि त्यांतली एकही वडिलांनी ठरवलेली नाही. उठायचे कधी, जेवायचे काय, शौचाला कोणाच्या आधाराने जायचे, हे सारे दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर माणसाकडे नकार एवढे एकच स्वतःचे उरते आणि तो ते वापरतो. व्यायामाला नकार देऊन स्वतःचेच नुकसान होते हे त्यांना कळत नाही असे नाही. पण होकार दिला तर तोही तुमच्याच वेळापत्रकाचा भाग होतो.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो, आणि तो सांगण्याजोगा आहेच. एका मजल्यावरील वृद्धांना, आपल्या खोलीची मांडणी आणि दिवसाचा वेळ यांची जबाबदारी तुमची आहे, असे सांगितले गेले. प्रत्येकाने एक रोपटे निवडायचे आणि स्वतः सांभाळायचे होते. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली गेली, परंतु पाणी परिचारिका घालणार होत्या आणि तुमची सर्व काळजी कर्मचारी घेतील, असे सांगण्यात आले होते. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक तरतरीत, अधिक आनंदी आणि अधिक मिसळणारे झाले होते. दीड वर्षानंतर त्या गटात मृत्यूही कमी आढळले; मात्र माणसे थोडी असल्यामुळे मृत्यूच्या आकड्यावर मी फार भर देणार नाही.

याच्या जोडीचा एक इशारा फारसा सांगितला जात नाही, आणि परदेशातून घर चालवणाऱ्यांसाठी तो अधिक मोलाचा आहे. रिचर्ड शुल्झ यांनी त्याच सुमारास वृद्धाश्रमातील काहींना, त्यांना भेटायला येणाऱ्या विद्यार्थ्याची भेट कधी आणि किती वेळ व्हावी, हे ठरवण्याची मुभा दिली. त्यांची प्रकृती आणि उमेद सुधारली. परंतु अभ्यास संपून भेटी थांबल्यावर तेच लोक इतरांपेक्षा अधिक खालावले. तेव्हा वडिलांच्या हाती जे द्याल ते कायमचे द्या. सुट्टीत आलात तेव्हा महिनाभर त्यांचे ऐकायचे आणि विमानात बसताना पुन्हा कॅमेऱ्यावरून सूचना सुरू करायच्या, यापेक्षा कमी गोष्टी द्याव्यात पण त्या परत घेऊ नयेत.

नेमके काय द्यावे? व्यायाम करायचा की नाही, यापेक्षा तो सकाळी करायचा की संध्याकाळी, कोणत्या गाण्याबरोबर, वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत की जिन्यापर्यंत, हे त्यांनी ठरवावे. केअरटेकरचा पगार त्यांच्या हातून जावा. कॅमेरा कोणत्या खोलीत नसावा, हेही त्यांनाच विचारा. आणि दुखते का, हे न चुकता विचारा, कारण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामाच्या वेळीच दुखणे सर्वाधिक असते आणि त्या पिढीचे पुरुष ते सांगत नाहीत. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या आधी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना विचारून ठरवल्यावर अर्धा नकार मावळल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती एक बटण दिले जाते. ते दाबले की वेदनाशामकाची ठरावीक मात्रा शिरेतून जाते आणि ठरलेला अवधी संपेपर्यंत पुन्हा दाबले तरी औषध जात नाही. औषध परिचारिकेकडे मागायचे तेच असते, पण ते आपल्या हाती आहे या जाणिवेने रुग्ण अधिक समाधानी असतात. घरी बटण नसले तरी गोळ्यांची डबी त्यांच्या उशाशी असू शकते.

प्रश्न : माझा भाऊ अभियंता आहे. कर्करोगाचे निदान झाल्यापासून तो दंडात दोरा बांधतो, अंगारा लावतो. उपचार चालू आहेत, पण त्याचे हे वागणे पाहून चीड येते. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चीड आवरा. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून असे नोंदवले की, शांत खाजणात मासे पकडताना तिथले कोळी कसलाही मंत्रतंत्र करीत नसत, आणि खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींची मोठी तयारी असे. कसब तेच, माणसेही तीच. फरक होता तो हाताबाहेरच्या गोष्टींचा. तुमचा भाऊ खुल्या समुद्रात आहे. केमोच्या तारखा, तपासणीचे आकडे, केस गळणे यांतले काहीच त्याच्या हाती नाही, आणि दोरा बांधणे आहे. जोवर तो रुग्णालयातील उपचार चुकवत नाही आणि पैशांची लूट होत नाही, तोवर दोऱ्यावर वाद घालू नका. मात्र कोणी कर्करोग बरा करण्याची जाहिरात करून त्याला बोलावत असेल, तर १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार अशी जाहिरात करणे हाच गुन्हा आहे, आणि तिथे गप्प बसू नका.

प्रश्न : वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. रात्री दुखणे वाढले की ते म्हणतात, “आता काही नको, मला सोडून द्या.” सकाळी गोळी लागू पडल्यावर तेच विचारतात, “पुढची केमो कधी?” आई रात्रीचे बोलणे ऐकून रडते. मला सकाळचे ऐकावेसे वाटते. त्यांचे नक्की म्हणणे कोणते मानायचे? — एक वाचक, बारामती

उत्तर : तुमच्या घरी जे चालले आहे, ते कॅनडातील विनिपेग येथे हार्वी चोचिनोव्ह यांनी १६८ कर्करुग्णांच्या अभ्यासात मोजले होते. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील या रुग्णांना दिवसातून दोनदा, जगण्याची इच्छा किती आहे, ते एका रेषेवर दाखवायला सांगितले जाई. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की, ही इच्छा बारा तासांतही मोठ्या प्रमाणात वरखाली होते, आणि तिच्या चढउतारांमागे उदासी, चिंता, धाप लागणे आणि एकूण बरे वाटणे अशा गोष्टी असतात. म्हणून रात्रीचे वडील आणि सकाळचे वडील यांच्यातून एकाला निवडण्याची घाई करू नका. रात्रीच्या बोलण्यात एक मागणी नक्की आहे, आणि ती वेदना थांबवण्याची आहे. ती मागणी पूर्ण झाल्याशिवाय उरलेल्या बोलण्याचा अर्थ लावता येत नाही.

सकाळी लागू पडणारी गोळी रात्री का पुरत नाही, हे सर्वांत आधी पाहायला हवे. कर्करोगाच्या वेदनेचे औषध दुखल्यावर मागून घ्यायचे नसते. घड्याळाप्रमाणे, दुखणे उसळण्याच्या आधी घ्यायचे असते, आणि मध्येच कळ आली तर द्यायची जादा मात्रा घरात तयार असावी लागते. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच तत्त्व सांगितले. तोंडाने घ्यायच्या मॉर्फीनची भीती बाळगू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्करोगाच्या वेदनेसाठी ते घेताना व्यसन जडण्याचा धोका कमी असतो. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, आणि त्यासाठी रेचक पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे आपल्याकडे हे औषध मिळणे वर्षानुवर्षे अवघड झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांचा मार्ग सुकर केला. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला औषध असूनही ते न मिळणे, आणि त्या अवस्थेत त्याच्या तोंडून निघालेले शब्द त्याची अंतिम इच्छा मानले जाणे, याइतके क्रूर मला काही वाटत नाही. तुम्हाला पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर किंवा मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाचा उपशामक विभाग गाठता येईल. स्वादुपिंडाच्या दुखण्यात तिथल्या मज्जातंतूंच्या गुच्छाजवळ इंजेक्शन देऊन वेदना अडवण्याचाही उपाय असतो. तो वडिलांना योग्य आहे का, हे विचारा.

केमोविषयी बोलतानाही आठवण कशी तयार होते, याचे भान ठेवावे. डॅनिएल कानेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एकदा साठ सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तसेच साठ सेकंद आणि वर तीस सेकंद, ज्यांत पाण्याचा गारवा किंचित कमी करून ते हळूहळू १५ अंशांपर्यंत आणले गेले. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असे विचारल्यावर सुमारे ६९ टक्क्यांनी जास्त वेळाचा निवडला. वेदनेची आठवण तिच्या लांबीवर फारशी ठरत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवर ठरते. वडिलांच्या मागच्या केमोचा शेवट उलट्यांनी झाला असेल, तर त्यांचा ‘नको’ त्या दोन दिवसांविषयी असू शकतो, आणि उलट्यांचे औषध बदलता येते. याच न्यायाने, सकाळचा होकारही पूर्ण माहितीचा आहे असे धरू नका. या केमोने काय साधेल, किती काळ मिळेल, हे त्यांना कोणी स्पष्ट सांगितले आहे का?

दुखणे आटोक्यात आल्यावर, चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी, शक्यतो आईसमोर, त्यांच्याशी बोला. वेदना कमी असतानाही ते “आता केमो नको” असे पुन्हापुन्हा म्हणत असतील, तर ते त्यांचे म्हणणे आहे आणि ते मान्य करावे. त्यांना आणखी पटवत बसू नये. त्यांना पुढची दिशा लिहून ठेवायची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने उपचारांविषयीच्या आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आहे. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. ते सकाळी लिहावे, पण त्यात रात्रीच्या वेदनेचा उल्लेख आवर्जून असावा : अशा वेळी मला आधी काय द्यावे आणि माझे कोणते बोलणे निर्णय मानू नये, हे त्यांनी स्वतःच सांगावे.

प्रश्न : अपघातात वडिलांचे दोन्ही पाय मोडले. ते रुग्णालयात असताना, देखभाल करणाऱ्या चुलतभावाने त्यांच्याकडून शेतीचे बक्षीसपत्र करून घेतले. आता वडील बरे आहेत. त्या सहीला काही अर्थ आहे का? — एक वाचिका, सांगली

उत्तर : निकाल न्यायालयच देईल, परंतु कायद्याने हा विचार फार पूर्वी केला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२ मध्ये, तापाच्या भ्रमात असलेला शहाणा माणूसही त्या अवस्थेपुरता करार करण्यास समर्थ नसतो, असे उदाहरण दिले आहे. त्याच कायद्याचे कलम १६ गैरवाजवी प्रभावाविषयी बोलताना वय आणि आजार यांच्या जोडीला मानसिक किंवा शारीरिक क्लेशांचाही उल्लेख करते. ज्याची मन:शक्ती अशा कारणाने तात्पुरती जरी बाधित झाली असेल, त्याच्याशी व्यवहार करणारा माणूस त्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकणाऱ्या स्थितीत आहे, असे मानले जाते. देखभाल करणाऱ्याच्या हाती तर औषधही असते आणि पाणीही. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, म्हणून उशीर न करता दिवाणी वकिलांना भेटा आणि रुग्णालयाकडून त्या दिवसाचे कागद, विशेषतः परिचारिकांची नोंदवही आणि इंजेक्शनांच्या वेळा यांच्या प्रती मागून घ्या. सही आणि वेदनाशामक यांच्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या की बरेच काही स्पष्ट होते.

त्याआधी मात्र वडिलांना, तुम्ही किंवा तो चुलतभाऊ जवळ नसताना, एखाद्या तटस्थ माणसाने विचारू द्या. मुलाप्रमाणे सेवा करणाऱ्या पुतण्याला जमीन द्यावी असे त्यांना आजही, पाय बरे झाल्यावरही वाटत असेल, तर ते दान त्यांचे आहे आणि दावा करण्याचे कारण उरत नाही.